सरकारला तूट करायलाच बंदी घातली तर?

जमाखर्च (धागाकर्ता)

लाडकी बहीणच्या धाग्यावर शेवटी शेवटी जी हाणामारी झाली, तीत दोन-तीन आयडींनी एकच तोडगा सुचवला होता : ‘घटनेतच लिहून टाका की सरकारनं जमेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. विषय संपला.’ तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. राज्यांचं बाजूला ठेवून केंद्र सरकारपुरतं बोलू. (राज्य मध्ये येणारच, ठाऊक आहे.)

तर असा कायदा आपल्याकडे आहे. घटनेत नाही, पण आहे. वित्तीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्पीय व्यवस्थापन कायदा, २००३. सगळे त्याला एफआरबीएम म्हणतात, मीही तेच म्हणेन. तेव्हाचे अर्थमंत्री यशवंत सिन्हांनी डिसेंबर २००० मध्ये विधेयक मांडलं, २००३ मध्ये ते मंजूर झालं आणि ५ जुलै २००४ पासून कायदा लागू झाला.

त्याची मूळ कल्पना वाईट नव्हती. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हा वर्षाचा चालू खर्च कर आणि इतर महसुलातूनच भागवायचा; म्हणजे महसुली तूट शून्य. रस्ते, रेल्वे, धरणं यांच्यासाठी कर्ज काढा, पण सगळी मिळून राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात काढलेलं नवं कर्ज, जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवा. मुदत आधी मार्च २००८ होती, ती लगेच एक वर्षानं पुढे गेली.

नंतरचा प्रवास थोडक्यात. २००७-०८ ला राजकोषीय तूट अडीच टक्क्यांच्या आसपास आली, पाठी थोपटून झाल्या. मग जागतिक मंदी, शेतकरी कर्जमाफी, सहावा वेतन आयोग. २००९-१० ला तूट साडेसहाच्या घरात. २०१२ मध्ये कायदा बदलला, मुदत वाढली आणि ‘प्रभावी महसुली तूट’ (भांडवली कामांसाठी दिलेली अनुदानं वगळून मोजलेली) नावाची नवी जात जन्माला आली. २०१५ ला पुन्हा मुदतवाढ. २०१८ ला महसुली तुटीचं लक्ष्य कायद्यातून काढूनच टाकलं आणि ३ टक्क्यांसाठी मार्च २०२१ ही तारीख घातली. त्या वर्षी कोविड आला आणि तूट झाली ९.२ टक्के. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अंदाज ४.४ टक्के. आता तर मापच बदललंय : वार्षिक तुटीऐवजी केंद्राच्या कर्जाचं जीडीपीशी प्रमाण बघायचं आणि मार्च २०३१ पर्यंत ते ५० टक्क्यांवर (एखादा टक्का इकडे-तिकडे) आणायचं.

इथपर्यंत बातम्यांमध्ये असतं. मला बोलायचंय ते त्या २००७-०८ च्या गोंडस अडीच टक्क्यांबद्दल.

त्या काळात कच्चं तेल चढत होतं आणि पेट्रोल, डिझेल, गॅसचे दर त्या मानानं वाढवले जात नव्हते. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम तोट्यात विकत होत्या. भरपाई सरकारनं द्यायची होती. रोख दिली असती तर ती खर्चात पडून तूट फुगली असती. म्हणून रोखे दिले. तिजोरीतून पैसा गेला नाही, सबब तूट नाही. खतांच्या कंपन्यांनाही तसेच रोखे. एकट्या तेलरोख्यांचा आकडा सव्वा लाख कोटींच्या वर गेला आणि त्यांची फेड पार २०२५-२६ पर्यंत चालली. कायद्याचं कलम न कलम पाळून हे झालं बरं का.

२०१० नंतर तेलरोखे थांबले. मग पाळी अन्न महामंडळाची. हे महामंडळ हमीभावानं गहू-तांदूळ घेतं आणि रेशनला तेव्हा जवळपास फुकट द्यायचं. मधला फरक म्हणजे अन्न अनुदान, ते केंद्रानं द्यायचं. २०१६-१७ पासून केंद्र त्यातलं थोडं रोख देऊ लागलं आणि उरलेल्यासाठी महामंडळाला राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज. अल्पबचत निधी म्हणजे तुमच्या-माझ्या पोस्टातल्या ठेवी, पीपीएफ, सुकन्या. खर्च सरकारचा, पैसा आपला, कर्ज महामंडळाच्या नावावर आणि तूट कुणाच्याच नाही! कॅगनं याच कायद्याच्या पालनावरच्या अहवालात ही सगळी यादी मांडली होती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्मला सीतारामन यांनी हे प्रकरण सरकारच्या मुख्य वहीत आणलं. २०२०-२१ चं अन्न अनुदान मूळ अंदाजात १.१५ लाख कोटी होतं, सुधारित अंदाजात ४.२२ लाख कोटी झालं. लोकांना वाटलं सगळा कोविडचा मोफत तांदूळ. त्यात मोठा हिस्सा जुनी उधारी मिटवण्याचा होता. ते केलं ते उत्तम केलं, श्रेय द्यायला हवं. पण तूट एरवीही हाताबाहेर गेलेली असतानाच ते सुचलं, हेही लक्षात ठेवा.

माझी सगळी नोकरी हिशेबतपासणीत गेली, म्हणून माझी नजर तिथेच जाते. आकड्याला कुलूप लावलं की खर्च कमी होत नाही, तो शेजारच्या वहीत जातो. ३ टक्क्यांच्या साध्या कायद्याला ही करामत, तर घटनेतल्या शून्याला काय काय होईल? आधी देणं असेल ते सगळं एका वहीत येऊ द्या, मग मर्यादेचं बोलू.

आणि शून्यच हवं असेल तर हे घ्या, २०२५-२६ चे अंदाज : एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यात व्याज १२.७६ लाख कोटी, भांडवली खर्च ११.२१ लाख कोटी. तूट, म्हणजे नवं कर्ज, १५.६९ लाख कोटी. रस्ते, रेल्वे, संरक्षण सामग्री, सगळा भांडवली खर्च उद्या बंद केलात तरी साडेचार लाख कोटी कमीच पडतात. ते कुठून कापायचे तेवढं सांगा.

पक्षीय धुणी इथे नकोत, त्यासाठी बाकीचे घाट मोकळे आहेत.

---

दादर_पश्चिम

पहिला! लेख आवडला, पण अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्या आजीला कळत होतं, ते दिल्लीतल्या अर्थखात्याला का कळू नये? एवढं साधं आहे हो.

---

जमाखर्च

@दादर_पश्चिम, आजीनं घर बांधायला कर्ज काढलं असेल ना? की तीस वर्षं पैसे साठवून मग पाया खणला?

---

दादर_पश्चिम

काढलं होतं, सोसायटीचं. पण किराण्यासाठी नाही काढलं.

---

जमाखर्च

मग आपलं जमतंय. तुम्ही म्हणताय ती महसुली तूट. तेवढंच लक्ष्य २०१८ ला कायद्यातून गेलं, आणि गंमत म्हणजे त्यावर एक दिवससुद्धा गदारोळ झाला नाही.

---

महाडकर

धागा चांगला, निष्कर्ष अर्धवट. एफआरबीएमला तुम्ही फक्त त्या ३ टक्क्यांवरून नापास करताय.

थोडा इतिहास. १९५५ च्या जानेवारीत केंद्र आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक व्यवस्था ठरली. सरकारची बँकेतली शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली की आपोआप तात्पुरती ट्रेझरी बिलं (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जाचे कागद) निघायची आणि बँक खात्यात पैसे भरायची. तात्पुरती हे नावापुरतंच. म्हणजे तुटीपुरती नोट छापायची सोय, तीही कुणाला न विचारता. अर्थमंत्री कोण होते? आमच्या महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख, जे स्वतः रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर! संयुक्त महाराष्ट्रासाठी राजीनामा देणारे चिंतामणराव सगळ्यांना आठवतात, हे कुणाला आठवत नाही. त्यांना पुढचं दिसलं नसणार, तेव्हाच्या तुटी किरकोळ होत्या. पण दार उघडं राहिलं आणि पुढच्या चाळीस वर्षांत त्यातून कोण कोण गेलं ते आपण १९९१ ला बघितलं.

ते दार बंद कसं झालं? १९९४ मध्ये मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि रंगराजन गव्हर्नर असताना करार झाला, १ एप्रिल १९९७ पासून ती बिलं बंद. आणि हा नुसता करार कायद्यात कुणी आणला? तुमच्याच एफआरबीएमच्या कलम ५ नं. १ एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेनं सरकारचे नवे रोखे थेट सरकारकडून घ्यायचे नाहीत. २००८ च्या मंदीत हे पाळलं गेलं. कोविडमध्ये तर नोटा छापा, नोटा छापा म्हणून अर्थतज्ज्ञ लेख लिहीत होते. कायद्यात तोवर अपवादाची फटही ठेवलेली होती, तरी सरकार बाजारातूनच कर्ज घेत राहिलं. (बँक नंतर बाजारातून रोखे विकत घेते, तो वेगळा विषय.)

तेव्हा कायदा चालतो. चालत नाही तो आकडा. ‘तूट इतकीच हवी’ हे फलित आहे. पाऊस, तेल, युद्ध, निवडणूक यांवर अवलंबून. ‘हे कृत्य करायचं नाही’ ही बंदी आहे, ती मोडली की दिसते.

---

जमाखर्च

@महाडकर, हा मुद्दा माझ्या लेखात असायला हवा होता असं म्हणावंसं वाटतंय, इतका चांगला आहे. पण बघा, तो माझ्याच बाजूनं जातो. मग ‘सरकारी योजनेचा खर्च महामंडळाच्या नावावर कर्ज काढून करायचा नाही’ ही बंदी घाला. शून्याची काय गरज?

---

महाडकर

दोन्ही घाला. बंदीही आणि आकडाही. आकडा नसता तर २००७-०८ ला खोटं का होईना अडीच टक्के दाखवायची लाज तरी वाटली असती का? १९९०-९१ ला तूट साडेसात टक्क्यांच्या वर होती आणि कुणी लपवतसुद्धा नव्हतं.

---

झणझणीत

फुकट्यांना पोसणं बंद करा, आपोआप बॅलन्स होतंय. बाकी सगळी पुस्तकी बडबड. सगळं आधीच्या साठ वर्षांचं पा

*(प्रतिसादाचा उर्वरित भाग काढून टाकण्यात आला आहे. – संपादक मंडळ)*

---

नेपरविलकर

इथे अमेरिकेत हा विषय दर पाच-सात वर्षांनी येतो म्हणून लिहितो. १९९७ मध्ये सिनेटमध्ये हीच घटनादुरुस्ती ६६ विरुद्ध ३४ नं पडली, ६७ लागत होती. एका मतानं! आणि लगेच पुढच्या वर्षापासून सलग चार वर्षं, १९९८ ते २००१, अमेरिकेचा अर्थसंकल्प शिलकी होता. दुरुस्तीशिवाय. दुरुस्ती झाली असती तर ती शिल्लक तिच्या खात्यावर जमा झाली असती आणि आज आपण कौतुकाचे धागे काढत असतो. :)

पण खरी मजा राज्यांत आहे. व्हरमाँट सोडून जवळपास सगळ्या राज्यांना कुठल्या ना कुठल्या स्वरूपात संतुलनाची सक्ती आहे. आमच्या इलिनॉयला तर राज्यघटनेतच. आणि आमच्या इलिनॉयनं काय केलं? २०१५ ते २०१७ गव्हर्नर आणि विधिमंडळ यांच्या भांडणात दोन वर्षं पूर्ण अर्थसंकल्पच झाला नाही. खर्च चालूच. मग बिलं द्यायची थांबवली. राज्य कर्मचाऱ्यांच्या विम्याचे पैसे दंतवैद्यांना महिनोन्‌महिने मिळेनात, तेव्हा ते पेशंटकडूनच आधी रोख घ्यायला लागले. विद्यापीठं, वृद्धांना घरी मदत करणाऱ्या संस्था, सगळ्यांची बिलं फाइलीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये थकलेल्या बिलांचा डोंगर १६.७ अब्ज डॉलरवर गेला होता. बऱ्याच बिलांवर कायद्यानं महिना १ टक्का विलंब व्याज, म्हणजे वर्षाला १२! शेवटी ६ अब्ज डॉलरचे रोखे काढून त्यातली काही भागवली, कारण रोख्यांचं व्याज त्या मानानं स्वस्त.

घटनेनं कर्ज काढून चालू खर्च भागवायला बंदी. मग राज्यानं दंतवैद्याकडून कर्ज घेतलं. त्याला विचारलं नाही एवढंच.

---

खडीक्रशर

वरचं वाचून हसू आलं आणि रडू पण. आपली इलिनॉयशी सोयरीक निघाली.

मी बांधकाम ठेकेदार, सांगली-सातारा बाजूला. रस्ते, साकव, शाळाखोल्या असली कामं. जमाखर्चसाहेबांनी राज्य बाजूला ठेवायला सांगितलंय, पण बिल कसं थकतं हे इथे कुणाला माहीत नसेल तर सांगतो.

वर्क ऑर्डर मिळाली की काम सुरू. काम एका टप्प्यावर आलं की शाखा अभियंता मोजमाप घेऊन एमबीत (मोजमाप वहीत) नोंदवतो, उपअभियंता तपासतो, आरए बिल (झालेल्या टप्प्याचं बिल) तयार होतं. इथपर्यंत ठीक. मग निधी. निधी बीडीएसवर यावा लागतो, म्हणजे वरून संगणकावर त्या हेडला पैसे पडावे लागतात. पडले तर बिल निघतं. आमच्या एका खात्याकडे (नाव कशाला घेऊ, पुढचं टेंडर भरायचंय) काम पूर्ण होऊन दुसरा पावसाळा गेला. मार्चएंडला रात्री बारापर्यंत ऑफिसात बसलो होतो, सगळेच ठेकेदार बसलेले. पावणेबाराला निधी पडला, बिलाच्या शेकडा दहा रुपये. उरलेले पुढच्या वर्षी बघू.

इकडे बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज सुरू. डिझेलवाला, सिमेंटवाला उधारीवर. डांबर मात्र रोखीनं, तिथे उधारी नाही. आणि दोषदायित्वाचा काळ सुरूच, म्हणजे पैसे मिळाले नसले तरी खड्डा पडला की बुजवायचा मीच.

आता यातला शहाणपणाचा भाग. आम्ही पण खुळे नाही. दोन वर्षं पैसे येणार नाहीत हे धरूनच दर भरतो. आधी लोक अंदाजपत्रकापेक्षा पंधरा-वीस टक्के खाली जायचे, आता कशाला जातील? छोटे ठेकेदार तर सोडूनच चालले. म्हणजे सरकारला वाटतं पैसे वाचले, तूट कमी दिसली. ते व्याज शेवटी रस्त्याच्या दरात येतं.

---

नेपरविलकर

@खडीक्रशर, __/\__. तुमच्या ‘शेकडा दहा’वर विलंब व्याज तरी मिळतं का?

---

खडीक्रशर

करारात कुठंतरी असेल. मागितलं की पुढच्या वेळी एमबी लिहायला कुणी येत नाही.

---

सई_श्टुटगार्ट

जर्मनीचं कुणी लिहिलं नाही म्हणून. इथे २००९ मध्ये घटनेतच कर्जाला ब्रेक बसवला : मंदीचा परिणाम वगळून केंद्राची तूट जीडीपीच्या ०.३५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. राज्यांना तर शून्य. अपवाद फक्त आणीबाणीचा, आणि तोही संसदेच्या ठरावानं.

आणि हा ब्रेक खरंच लागतो. कोविडसाठी मंजूर करून न वापरलेलं ६० अब्ज युरोंचं कर्जाधिकाराचं पान सरकारनं हवामान निधीत सरकवलं. जमाखर्च काकांची ‘शेजारची वही’. १५ नोव्हेंबर २०२३ ला कार्लस्रुऽच्या घटना न्यायालयानं ते रद्द केलं. ६० अब्ज एका सकाळी गेले. त्यातून जी भांडणं लागली ती वर्षभर चालली आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला चान्सलर शोल्झनी अर्थमंत्री लिंडनरना काढलं, सरकार पडलं. अर्थसंकल्पावरून.

आता दुसरी बाजू. ए४५ महामार्गावरचा रामेडेचा पूल डिसेंबर २०२१ मध्ये बंद करावा लागला, इतका खिळखिळा झाला होता. मे २०२३ ला तो सुरुंग लावून पाडला. ल्युडेनशाइड गावातून रोज हजारो ट्रक वळवले, तिथले कारखाने आणि माणसं रडकुंडीला आली. इथे येणारे भारतीय नवे असताना म्हणतात, जर्मन रस्ते म्हणजे काय! दोन वर्षांनी तेच लोक रेल्वेच्या उशिराचे मीम्स पाठवतात. (ड्रेस्डेनचा कारोला पूल सप्टेंबर २०२४ मध्ये एल्बेत कोसळला त्याचाही संबंध लोक ब्रेकशी लावतात. तो लावू नका, तिथे आतल्या पोलादाला जुना दोष होता.)

ब्रेकमुळेच पूल सडले असं मी म्हणणार नाही. नियोजन, परवानग्या, माणसांची कमतरता, हजार कारणं. पण पैसा कापायची वेळ आली की पेन्शनर ओरडतो, पूल ओरडत नाही.

शेवट माहीत असेलच. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत ब्रेकला हात लावण्याची घाई नाही म्हणणारे मेर्त्स जिंकले आणि नवी संसद बसायच्या आत, १८ मार्चला, जुन्या संसदेकडूनच घटनादुरुस्ती करून घेतली. ५१३ विरुद्ध २०७. संरक्षणावरचा जीडीपीच्या १ टक्क्यावरचा खर्च ब्रेकमधून बाहेर, पायाभूत सोयींसाठी १२ वर्षांत ५०० अब्जांचा वेगळा निधी आणि राज्यांनाही ०.३५ टक्के मोकळीक.

---

महाडकर

@सई, उत्तम. पण बघा, त्यांना घटना बदलावी लागली, दोन तृतीयांश मतं जमवावी लागली, देशभर चर्चा झाली. आपल्याकडे २०१८ ला महसुली तुटीचं लक्ष्य वित्त विधेयकातल्या एका परिच्छेदानं गेलं, साध्या बहुमतानं, धन विधेयक म्हणून. घटनेत असल्याचा फरक तो हाच.

---

सई_श्टुटगार्ट

मान्य. मात्र इथे कर्ज जीडीपीच्या साठ-बासष्ट टक्के आहे आणि तेही केंद्र, राज्यं, नगरपालिका सगळं मिळून. भारताचं केंद्र-राज्य मिळून ऐंशीच्या आसपास. ज्यांच्याकडे जागा होती त्यांनी वापरली नाही, ज्यांच्याकडे नाही ते वापरतायत. असं माझं मत.

---

कलमबहाद्दर

कायद्याच्या बाजूनं थोडं. घटनेत जागा आधीपासून आहे. कलम २९२ : केंद्रानं किती कर्ज काढावं याची मर्यादा संसद कायद्यानं घालू शकते. ‘शकते’. कलम २९३ राज्यांसाठी, आणि त्यातली खुबी अशी की ज्या राज्याकडे केंद्राचं कर्ज बाकी आहे त्याला नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. बहुतेक सगळ्यांकडे बाकी असतं. त्यामुळे राज्याच्या मानेवर केंद्राचा हात आहे आणि केंद्राच्या मानेवर कुणाचाच नाही.

केंद्रानं हा हात वापरलाही. राज्याच्या महामंडळांनी काढलेलं आणि राज्याच्या तिजोरीतून फेडलं जाणारं कर्ज राज्याच्याच मर्यादेत धरायला सुरुवात केली. केरळ त्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेलं, एप्रिल २०२४ मध्ये प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवलं गेलं. केंद्राची भूमिका मला हिशेबाच्या दृष्टीनं पटते. फक्त तीच फूटपट्टी स्वतःला का नाही? एफआरबीएमचा फेरविचार करणाऱ्या एन. के. सिंह समितीनं २०१७ च्या अहवालात स्वतंत्र वित्तीय परिषद सुचवली होती, सरकारच्या आकड्यांवर बाहेरून नजर ठेवायला. ती झालीच नाही.

---

टोपणराव

सगळे त्या तुटीच्या मागे लागलेत. तूट वाईट का? अर्थव्यवस्था १० टक्क्यांनी वाढतेय (महागाई धरून) आणि कर्जावर व्याज ७ टक्के असेल तर कर्ज वाढूनही त्याचं प्रमाण घटतं. व्याज वगळून उरणारी प्राथमिक तूट बघा, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजात ती ०.८ टक्के होती. तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी त्याच सिंह समितीत भिन्नमतपत्रिका जोडून हेच सांगितलं होतं की प्राथमिक तुटीवर लक्ष ठेवा.

---

महाडकर

@टोपणराव, प्रमाण घटेल तेव्हा घटेल. २०२५-२६ च्या अंदाजात केंद्राच्या महसुली जमेतल्या १०० रुपयांतले ३७ व्याजाला होते. अमक्या योजनेला पैसे नाहीत असं उत्तर संसदेत येतं तेव्हा ते या ३७ मुळे येतं. आणि वाढीचा दर घसरला की तुमचं गणित उलटं फिरतं. त्या वेळी कपात करायची म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

---

टोपणराव

तेच तर! मंदीत कपात करायला लावणारी शून्याची सक्ती म्हणूनच नको.

---

गोदातीर

वाचनमात्र होते, राहवलं नाही. तुम्ही सगळे कर्ज घेणाऱ्यांबद्दल बोलताय. मी देणाऱ्यांतली आहे, पोस्टात पैसे ठेवणारी पेन्शनर. ते अल्पबचतीचं वाचून धसका बसला. आमचे पैसे बुडणार होते का?

---

जमाखर्च

@गोदातीर ताई, नाही. पोस्टातल्या ठेवींची जबाबदारी सरकारचीच आहे, तुमच्या पासबुकाला कधीच धोका नव्हता. लपवाछपवी तूट किती दाखवायची एवढ्यापुरती होती. ज्यांना स्वतः बघायचंय त्यांनी अर्थसंकल्पाच्या कागदांत ‘व्यय रूपरेषा’ उघडून विवरण क्रमांक २७ बघावं. अर्थसंकल्पाबाहेरून उभा केलेला पैसा तिथे खात्यानुसार दिलेला असतो. अलीकडच्या वर्षांत ते विवरण बरंच रोडावलंय. चांगलं लक्षण आहे.

---

खडीक्रशर

त्या २७ नंबरात आमची बिलं असतात का?

---

जमाखर्च

नाही. ते केंद्राचं, आणि त्यात काढलेलं कर्ज असतं. न दिलेली बिलं कर्ज धरत नाहीत. आपला सरकारी हिशेब रोखीचा आहे, पैसा गेला तेव्हाच खर्च. तुमचा रस्ता वापरात आहे, पण हिशेबात तो अजून झालेलाच नाही.

म्हणून मला एखादं कलम लिहायला सांगितलंत तर असं लिहीन : वर्षअखेरीस देय असलेलं आणि न दिलेलं प्रत्येक बिल त्या वर्षाच्या तुटीत धरावं आणि खात्यानुसार यादी अर्थसंकल्पासोबत छापावी. सरकारला येणं असलेल्या कराच्या थकबाकीचं विवरण या कायद्याच्या नियमांनुसार छापतातच ना, मग देण्याचंही छापा. केंद्राला आणि राज्यांना, दोघांना. टक्केवारी काय ठेवायची ते नंतर भांडू.

---

कलमबहाद्दर

पळवाट लगेच दिसली. ‘देय’ कधी होतं? खात्यानं बिल मंजूर केल्यावर. मग बिल मंजूरच करणार नाहीत.

---

खडीक्रशर

ते आत्ताच करतात. मार्चमध्ये एमबी अपुरी म्हणून परत पाठवायची.

---

जमाखर्च

मग देय होण्याची तारीख मंजुरीची धरू नये, काम पूर्ण झाल्याची धरावी.

---

कलमबहाद्दर

आणि ती कोण ठरवणार? तोच अभियंता.

---

खडीक्रशर

त्याला ठरवू देऊ नका. टप्प्याटप्प्याचे जिओटॅग फोटो आता बऱ्याच कामांना अपलोड करावेच लागतात, तारीख-वेळ-ठिकाणासकट. शेवटच्या फोटोची तारीख घ्या. त्यावर तीस दिवस द्या मोजमापाला, एकतिसाव्या दिवशी बिल आपोआप थकीत यादीत.

---

कलमबहाद्दर

हे कलमात बसतं. फक्त ‘आपोआप’च्या जागी ‘अन्यथा लेखी कारण न दिल्यास’ घाला, नाहीतर अर्धवट कामाचे फोटो टाकणारेही यादीत येतील.

---

खडीक्रशर

चालेल. तसले पण आहेत आमच्यात.

---

महाडकर

आता टक्केवारीचं भांडण सुरू करायचं का? मी ३ वर ठाम आहे, महसुली तूट शून्य धरून.